टीव्हीखालचा लिनक्स आपणहून अपडेट व्हावा, पण कधी?

घरचा संगणक : प्रश्न वाचकांचे, उत्तरं मालवणहून

प्रश्न : आमच्या टीव्हीखाली एक जुना डेस्कटॉप आहे. मुलगा पुण्याला असतो, त्याने त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि कोडी (व्हिडिओ, गाणी लावायचा प्लेअर) घालून दिलं. आमचे हे संध्याकाळी सातला तो लावतात. दशावताराची रेकॉर्डिंग, नाट्यगीतं, कधी जुना सिनेमा असं दहापर्यंत चालतं, मग बंद. आतापर्यंत मुलगा गणपतीत आणि शिमग्याला आला की अपडेट करायचा. या खेपेला जाताना ‘आता आपलं आपण होईल’ असं काही करून गेला. तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा नाटक रंगात आलं की मधेच दहा-पंधरा मिनिटं चित्र अडखळतं. परवा नेमकी त्यातच लाइट गेली. पुन्हा लावल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकत राहिली, मग सुरू झाला, पण बाहेरची हार्ड डिस्क दिसेना. हे म्हणतात, अपडेट बंद करून टाक. मुलगा फोनवर म्हणतो, अजिबात बंद करू नको. मी कोणाचं ऐकू?
एक निवृत्त शिक्षिका, आचरा

उत्तर : बाई, अपडेट बंद करू नका, त्याची वेळ बदला. मुलाने केलं ते बरोबरच आहे. तुमच्या घरात यंत्र कधी चालू असतं आणि लाइट कधी जाते, एवढंच त्यात धरायचं राहिलं. तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : चित्र अडखळणं, मधेच लाइट जाणं आणि डिस्क न दिसणं. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. तिसरीचा तर अपडेटशी संबंधच नाही.

आधी अडखळण्याचं पाहू. मुलाने ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ नावाचं पॅकेज (लिनक्सवर प्रोग्रॅम ज्या गठ्ठ्यात येतो तो) चालू केलं असणार, डेबियनवर ते याच कामासाठी असतं. त्याला जागं करणारे दोन टायमर आहेत. ‘ॲप्ट-डेली’ नव्या पॅकेजांची यादी आणतो आणि ‘ॲप्ट-डेली-अपग्रेड’ ती पॅकेजं बसवतो. बसवण्याची ठरलेली वेळ सकाळी सहाची, अधिक तासाभराची सूट. सकाळी सहाला तुमचा संगणक बंद असतो. पण या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ नावाची एक ओळ असते. वेळ चुकली असेल तर यंत्र चालू झाल्यावर राहिलेलं काम उरकायचं, असा तिचा अर्थ. ती तासाभराची सूट तेव्हाही लागू होते. म्हणजे सातला यंत्र लावलं की आठच्या आत केव्हातरी सकाळचं काम सुरू होणार, आणि तीच तुमची नाटकाची वेळ. त्या दिवशी नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला असेल तर यंत्र सुरू होताना लागणारी एक फाइल नव्याने बांधून, दाबून लहान करून ठेवावी लागते. जुना प्रोसेसर त्यात पुरता गुंततो आणि चित्राला उसंत मिळत नाही. यंत्रात बिघाड काहीच नाही.

मग ‘टीव्हीच्या संगणकाला अपडेट हवेत कशाला, तो कुठे बँकेची कामं करतो?’ हा तुमच्या यजमानांचा प्रश्न. माझ्या दुकानात तो मला वरचेवर ऐकू येतो, आणि मी त्यावर नेहमी सबटायटलचं उदाहरण देते. मे २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की सबटायटलच्या फाइलीत घातक मजकूर दडवून कोडी, व्हीएलसी, पॉपकॉर्न टाइम आणि स्ट्रीमिओ या प्लेअरांमार्फत अख्खा संगणक ताब्यात घेता येतो. सिनेमाखाली दिसणाऱ्या दोन ओळींची ती फाइल, तिच्याबद्दल कोणाला संशय येणार? प्लेअर बनवणाऱ्यांनी ती भोकं लगोलग बुजवली, पण फायदा झाला तो ज्यांनी अपडेट घेतले त्यांनाच. टीव्हीचा संगणक कुठकुठल्या पेनड्राइव्हवरच्या, कोणी कोणी दिलेल्या फाइली उघडत असतो. आणि तो तुमच्या फोनच्याच वायफायवर असतो, ज्या फोनवर तुमची पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतो.

‘सगळं बदलून टाकतील आणि कोडीचं रूपच पालटेल’ ही भीती मात्र डेबियनच्या बाबतीत सोडून द्या. डेबियनची स्थिर आवृत्ती एकदा आली की तिच्यात नवी वैशिष्ट्यं सहसा येत नाहीत, सुरक्षेच्या आणि मोठ्या चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात. रविवारी बटण इथे होतं आणि सोमवारी तिथे गेलं, असं होत नाही. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आली. पहिली तीन वर्षं तिला मुख्य चमू सांभाळतो, त्यापुढे जून २०२८ पर्यंत दीर्घ मुदतीचा चमू. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली, पण अनअटेंडेड-अपग्रेड्स तुम्हाला १२ वरून १३ वर आपणहून नेत नाही, आणि न्यायलाही नको. ते काम मुलगा समोर बसलेला असतानाच व्हावं. त्या वेळी कोडीचीही मोठी आवृत्ती बदलते, तिचा डेटाबेस नव्या रूपात जातो आणि तिथून मागे येणं कटकटीचं असतं. २०२१ साली कोडी १९ आली तेव्हा ॲड-ऑन (कोडीला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २ वरून ३ वर गेले आणि ज्यांचे ॲड-ऑन जुने होते त्यांचे बंद पडले. असे मोठे बदल सणाच्या तोंडावर करायचे नाहीत. करण्याआधी घरच्या फोल्डरमधल्या ‘डॉट कोडी’ या लपलेल्या फोल्डरची प्रत काढून ठेवायची.

आता लाइट. कोकणात हाच खरा विषय आहे. पुण्या-मुंबईत बसून लिनक्स बसवून देणाऱ्या मुलांना तो सुचत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अपडेट चालू असताना लाइट गेली तर डेबियन सहसा मोडत नाही. ‘डीपीकेजी’ हा त्याचा मुकादम प्रत्येक पॅकेज कुठल्या पायरीवर आहे याची नोंद ठेवतो : उलगडलं, पण मांडून झालं नाही, वगैरे. अर्धवट राहिलेलं काम पुढच्या खेपेला अनअटेंडेड-अपग्रेड्स स्वतःच पूर्ण करायला जातं, ती सोय त्यात मुळातच चालू असते. तरी खात्री हवी असेल तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा द्यावी आणि तिच्यामागून ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही. (इथे छापलेल्या सगळ्या आज्ञा इंग्रजी लिपीत टाइप करायच्या. ‘कॉन्फिगर’च्या आधी दोन आडव्या रेघा, ‘ए’च्या आधी एक.) तुम्हाला पडद्यावर सरकताना दिसली ती अक्षरं बहुतेक डिस्कच्या तपासणीची असणार. ती दिसली तर थांबायचं, बटण दाबून बंद करायचं नाही. तपासणी अर्ध्यावर तोडण्यात जास्त धोका आहे.

सगळ्यात नाजूक वेळ नवा कर्नल बसतानाची. त्या मिनिटा-दोन मिनिटांत वीज गेली तर यंत्र पुढच्या खेपेला सुरू न होण्याची शक्यता असते. पण डेबियन आधीचा कर्नल ठेवून देतो. यंत्र लावल्यावर प्रथम जी निळसर यादी क्षणभर दिसते, तिच्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ लिहिलेली दुसरी ओळ असते. बाणाच्या बटणाने तिच्यावर जाऊन एंटर दाबा आणि आतल्या यादीतून जुन्या क्रमांकाचा कर्नल निवडा. हे एका चिठ्ठीवर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवा. मुलाला फोन लागेलच असं नाही, जोराचा पाऊस असला की टॉवरही जातात.

तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचा एक छोटा स्विच आहे का ते पाहा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला इतका वेळ लागतो की पंखा फिरत राहतो, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. यूपीएस मोडमध्ये तो तगतो. एक गोष्ट मात्र इन्व्हर्टर असूनही राहतेच : डेस्कटॉपला आपण इन्व्हर्टरवर चाललो आहोत हे कळत नाही. अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये बॅटरीवर असताना अपडेट टाळायची सोय आहे, ती आधीपासून चालूही असते, पण ती लॅपटॉपला उपयोगी. डेस्कटॉपच्या लेखी वीज आहे म्हणजे आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या घरांना मी सांगते, की टीव्हीखाली डेस्कटॉपपेक्षा जुना लॅपटॉप बरा. त्याची बॅटरी वीसच मिनिटं टिकत असली तरी सुरू झालेला अपडेट पूर्ण होतो, आणि बॅटरीवर असताना नवा सुरू होत नाही. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो वापरू नका, आधी ती काढून टाका.

तुमची बाहेरची डिस्क. ती विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने आखलेली असणार, दुकानातून येते ती बहुतेक तशीच येते. तिच्यावर काही चालू असताना वीज गेली की तिच्यावर ‘नीट बंद झाली नाही’ अशी खूण राहते. ती खूण पाहून लिनक्स ती डिस्क लावायला नकार देऊ शकतो, माहिती बिघडू नये म्हणून. शेजारच्या कोणाच्या विंडोजच्या संगणकाला ती जोडून ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असं करा आणि मग सेफली रिमूव्ह करून काढा. दशावताराची जी रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः केलीत ती दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. त्यांची आणखी एका डिस्कवर प्रत करून घ्या आणि ती डिस्क कपाटात ठेवा, टीव्हीजवळ नको. हे काम मी अपडेटच्याही आधी करायला सांगेन.

आता वेळ बदलण्याचं. तुमच्या घरासाठी मला रविवारची दुपार योग्य वाटते. जेवणं झालेली असतात, टीव्ही कोणी लावत नाही आणि घरात माणूस असतं. तुमच्याकडे दुरुस्तीसाठी ज्या वारी वीज बंद ठेवतात तो वार मात्र टाळा. आठवड्यातून एकदा पुरे का? घराबाहेरून इंटरनेटवरून उघडता न येणाऱ्या टीव्हीच्या यंत्राला पुरे. बाहेरून उघडता येणारा सर्व्हर असता तर मी रोज म्हटलं असतं.

पुढचा परिच्छेद मुलाला फोनवर वाचून दाखवा. ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट ॲप्ट-डेली.टायमर’ ही आज्ञा दिली की एक रिकामी जागा उघडते. तिथे चौकोनी कंसात ‘टायमर’ असं शीर्षक लिहायचं. खाली आधी ‘ऑनकॅलेंडर’ आणि बरोबरचं चिन्ह, त्यापुढे काहीही नाही. ही रिकामी ओळ विसरली तर जुनी वेळही तशीच राहते आणि नवी तिच्यात भर पडते. मग पुन्हा ‘ऑनकॅलेंडर’ आणि त्यापुढे रविवारचं इंग्रजी तीन अक्षरी नाव व १४:००. मग ‘रँडमाइज्डडिलेसेक’ शून्य. या पहिल्या टायमरला मुळात बारा तासांपर्यंतची सूट आहे, ती काढली नाही तर यादी रात्री दोनलासुद्धा येईल. शेवटी ‘पर्सिस्टंट’ फॉल्स. दुसऱ्या, म्हणजे ‘ॲप्ट-डेली-अपग्रेड.टायमर’साठी हेच सगळं, फक्त वेळ १४:३०. यादी आधी आणि बसवणं मागून, हा क्रम मोडायचा नाही. झाल्यावर ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ म्हटलं की दोघांच्या पुढच्या वेळा दिसतात. तिथे रविवार दिसला की झालं.

तुमच्याकडून एवढंच : रविवारी दोनच्या आधी संगणक लावायचा आणि साडेतीनपर्यंत चालू ठेवायचा. मुलगा म्हणेल, बायोसमधल्या घड्याळाचा गजर लावून तो आपोआप सुरू करता येतो. येतो खरा, पण मला ते आपल्याकडे पटत नाही. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की आपण टीव्हीची, डिशची, सगळ्यांची पिन काढून ठेवतो, आणि ते बरोबर आहे. त्या दिवसांत बंद घरात यंत्र आपलं आपण सुरू व्हावं असं मला वाटत नाही. आभाळाकडे बघून यंत्र लावायचं की नाही हे घरातल्या माणसाने ठरवावं, पुढचं यंत्राने करावं. एखादा रविवार हुकला तर हुकला. पर्सिस्टंट बंद असल्यामुळे ते काम संध्याकाळच्या नाटकात येणार नाही, पुढच्या रविवारी होईल. भिंतीवरच्या कालनिर्णयात रविवारी खूण करत गेलात तर लागोपाठ किती चुकले ते दिसेल. तौक्ते वादळानंतर मे २०२१ मध्ये कितीतरी वाड्यांमध्ये दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा खंडानंतर वीज आली की पहिले दोन दिवस अपडेट करू नका, ती येत-जात असते.

रीस्टार्टची काळजी नको. आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय मुळात बंदच असते, आणि तुम्ही रोज रात्री यंत्र बंद करता त्यामुळे नवा कर्नल आपसूक लागू होतो. एवढं लक्षात ठेवा, की बंद करताना पडदा कधी जास्त वेळ रेंगाळला तर तो हातातलं पॅकेज पूर्ण करत असतो. यजमानांना सांगा, भिंतीवरचा स्विच बंद करू नका. रविवारी मधेच बंद करावं लागलं तरी अडचण येऊ नये म्हणून ‘५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’ या फाइलीत ‘मिनिमलस्टेप्स’ची ओळ ट्रू आहे ना, हे मुलाला पाहायला सांगा. त्यामुळे काम लहान लहान तुकड्यांत होतं आणि दोन तुकड्यांच्या मध्ये थांबता येतं.

तुमचं फायबर बंद असलं की तुम्ही फोनचा हॉटस्पॉट लावत असाल. नेटवर्कमॅनेजर अँड्रॉइडचा हॉटस्पॉट बहुधा ओळखतो, त्याला मोजून मिळणारं नेट समजतो, आणि अनअटेंडेड-अपग्रेड्स अशा नेटवर थांबून राहतं. रोजच्या डेटाच्या दृष्टीने हे चांगलंच, कारण फर्मवेअरचं पॅकेज किंवा कर्नल आला तर एका दमात बराच डेटा जातो. पण ज्या घरी कायम हॉटस्पॉटच असतो तिथे यामुळे महिनोन्‌महिने एकही अपडेट होत नाही आणि कोणाला कळतही नाही. त्यांनी त्याच फाइलीतली ‘मीटर्ड कनेक्शन’वाली ओळ उघडून तिच्यात फॉल्स लिहावं आणि रविवारचा डेटा त्यासाठी राखून ठेवावा.

गणपतीचं सांगायचं राहिलं. चाकरमानी आले की तुमचा टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत चालणार, रविवारी दुपारीसुद्धा. गणपतीच्या आधीच्या रविवारी अपडेट होऊ द्या, एकदा बंद करून लावून पाहा, डिस्क दिसते, आवाज येतो याची खात्री करा. मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ ॲप्ट-डेली-अपग्रेड.टायमर’. गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन माणसं परतली की त्याच आज्ञेत ‘डिसेबल’च्या जागी ‘इनेबल’. ही दुसरी आज्ञा विसरायची नाही, म्हणून ती मुलाच्याच हातून, तो गाडीत बसण्यापूर्वी करून घ्या.

प्रश्न : तारकर्लीला आमचं होमस्टे आहे. तीन खोल्यांत रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकांवर लिब्रेएलेक (कोडीपुरताच बेतलेला लिनक्स) चालतं. पाहुणे असताना मधेच ‘अपडेट आला’ अशी पाटी येते. तिन्ही एकाच वेळी, आपोआप अपडेट करता येतील का?
होमस्टे चालक, तारकर्ली

उत्तर : वरच्या बाईंना सांगितलं त्यातलं फारसं तुम्हाला लागू नाही. लिब्रेएलेकमध्ये पॅकेजं नसतात. सगळी प्रणाली एकाच मोठ्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलीत असते, आणि अपडेट म्हणजे ती फाइल संपूर्ण बदलणं. नवी फाइल उतरवून ठेवली जाते आणि पुढच्या रीस्टार्टला जुनीच्या जागी बसते. रोजच्या लाइट जाण्या-येण्याने ही प्रणाली सहसा बिघडत नाही. पण बदलाबदलीच्या त्या मिनिटात वीज गेली तर कार्ड नव्याने लिहावं लागतं.

म्हणून होमस्टेला मी आपोआप ठेवणार नाही. लिब्रेएलेकच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, सिस्टिमखाली, अपडेटचा प्रकार ‘मॅन्युअल’ करा. खोली रिकामी असेल आणि वीज स्थिर असेल अशा सकाळी आधी एकच पाय अपडेट करा, एक-दोन दिवस पाहुण्यांना वापरू द्या, मग बाकीचे दोन. त्याच सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे, तो यूएसबीवर काढून घ्या. आपोआप ठेवलं तरी ते त्याच मोठ्या आवृत्तीच्या आत फिरतं, नव्या मोठ्या आवृत्तीवर जाणं तुमच्या हातात असतं. ते पावसाळ्यात करा, पाहुणे कमी असतात तेव्हा. त्याच वेळी तिन्ही पायच्या एचडीएमआय आणि यूएसबीच्या पिना पाहून घ्या. तुमचं घर पुळणीला लागून असेल तर खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवट थर धरतो, आणि ‘अपडेटनंतर आवाज गेला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत तो थर मी पुष्कळदा पाहिला आहे.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. घरच्या टीव्हीला जोडलेल्या उबुंटू लिनक्सवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं करणाऱ्या वेळापत्रकात) रोज रात्री तीनला ‘ॲप्ट अपग्रेड -वाय’ टाकलंय. यूट्यूबवर बघून केलं. मित्र म्हणतो त्यापेक्षा आर्च लिनक्स घाल, सगळं ताजं मिळतं. कोणाचं बरोबर?
विद्यार्थी, वेंगुर्ला

उत्तर : क्रॉन काढून टाक. स्वतः करून पाहिलंस हे मला आवडलं, पण त्या ओळीत तीन अडचणी आहेत. रात्री तीनला यंत्र बंद असेल तर क्रॉन ते काम सोडून देतो, नंतर करत नाही. दुसरी, ‘-वाय’ म्हणजे सगळ्याला हो, असं वाटतं, पण तू एखादी सेटिंगची फाइल हाताने बदलली असशील तर डीपीकेजी वेगळाच प्रश्न विचारतो : तुझी फाइल ठेवू की नवी? त्याला ‘-वाय’ उत्तर देत नाही. रात्री तीनला उत्तर द्यायला कोणी नसतं आणि काम तिथेच अर्धवट पडतं. अनअटेंडेड-अपग्रेड्स असा प्रश्न येणारं पॅकेज आधीच ओळखून बाजूला ठेवतं आणि नोंदीत लिहितं, की हे हाताने कर. तिसरी, उबुंटूवर ते बहुधा आधीपासून चालूच असतं, म्हणजे तुझा क्रॉन आणि ते एकाच कुलपासाठी (एका वेळी एकालाच पॅकेजं बदलू देणाऱ्या) भांडत असतील. तुला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील तर उबुंटूची मूळ मांडणी तशीच आहे. बाकीचेही अपडेट हवे असतील तर ‘५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’मध्ये ‘अपडेट्स’ने संपणाऱ्या ओळीच्या आधीच्या दोन तिरप्या रेघा काढ. दुपारी यंत्र चालूच असतं आणि डाउनलोडमुळे घरचं नेट मंदावतं असं होत असेल तर त्याच फाइलीत ‘डीएल-लिमिट’ची ओळ आहे, तिथे सेकंदाला किती केबी घ्यायचे ते लिहिता येतं.

‘सगळं ताजं’ याबद्दल एक घटना तुला माहीत असायलाच हवी. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने जाहीर केलं, की एक्सझेड या फाइली दाबून लहान करण्याच्या आणि उलगडण्याच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरवाट घातली आहे. एसएसएचने (दुरून दुसऱ्या संगणकात शिरायच्या सोयीने) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याच गोष्टीचा त्याने माग काढला आणि ती सापडली. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणीच्या शाखांत आणि फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत पोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचल्या नव्हत्या. ताजं घेणारे लोक चाचणीचं मोठं काम करतात, मला त्यांचा आदर आहे. पण ते काम तुझ्या आजीच्या टीव्हीने कशाला करायचं?

आर्च शिकायला उत्तम आहे, तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर जरूर घाल. पण त्याचे अपडेट आपोआप करू नकोस. आर्चचे लोक स्वतःच सांगतात, की अपडेट करण्यापूर्वी त्यांच्या मुख्य पानावरच्या बातम्या वाचा, कारण कधी कधी हाताने काही करावं लागतं. आणि एखादंच पॅकेज पुढे नेऊन बाकीची मागे ठेवणं तिथे चालत नाही, घ्यायचं तर सगळं एकदम. तुझ्या उबुंटूवर नेमकं काय झालं ते पाहायला ‘व्हार’, त्यात ‘लॉग’, त्यात ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ या फोल्डरमधली नोंद उघड. पुढच्या खेपेला काही अडलं तर तिच्या शेवटच्या वीसेक ओळी पत्रासोबत पाठव, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.